चौदा किलोचा पहिला नंबर

साहेब, त्या पोराला फुगवलं तुम्ही. आईनं नाही, आजीनं नाही, तुम्ही. तुमचं नाव इथं लिहायची गरज नाही. बालविकास खात्याची खुर्ची तुम्हाला ओळखते, तुम्ही खुर्चीला ओळखता. मागच्या वर्षी पिंपळमळ्याच्या समाजमंदिरात सतरंजी अंथरून तुम्ही 'सुदृढ बालक स्पर्धा' घेतलीत. सुदृढ म्हणजे काय ते तपासायला तुमच्याजवळ एकच वस्तू होती, काटा. पोर पळतं का, चढतं का, बोलतं का, त्याच्या अंगात रक्त किती, कुणी बघितलं नाही. एकामागून एक पोरं काट्यावर ठेवलीत, सगळ्यात जड कोण ते बघितलंत आणि गेणूतात्याच्या नातवाच्या गळ्यात झेंडूचा हार घातलात. सतरा महिन्यांचं पोर, चौदा किलो! मार्केटात कांद्याची गोणीसुद्धा यापेक्षा जास्त तपासतात. वरचा कांदा बघतात, तळाचा बघतात, एखादा चिरून बघतात.

त्या हारानं सगळ्या घराचं डोकं फिरवलं. आणि निस्तरावं लागलं प्राचीला.

प्राची म्हणजे त्या पोराची, शौर्यची आई. माहेर जुन्नरकडचं, बी.कॉम. झालेली. आंबेगाव तालुक्यातल्या कळंबपासून थोडं आत, डिंभे धरणाच्या पाण्यावर बारमाही हिरवा राहणारा हा पिंपळमळा. वीस-बावीस घरं, सगळी एका भावकीची. नवरा ऋषी चाकणला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखा यायचा. घरात माणसं चार: प्राची, सासू ठकूबाई, सासरे गेणूतात्या आणि शौर्य. पण भाकरी थापायला बसलं की लागायच्या सहा माणसांच्या.

पोरं पहिला शब्द 'आई' बोलतात, 'बाबा' बोलतात. शौर्य बोलला, "भाकय." दुसरा शब्द "अजू," म्हणजे अजून. त्यानंतर कितीतरी महिने तिसऱ्या शब्दाची त्याला गरजच पडली नाही. भाकर कुस्करून दुधात घाला, "अजू." वरणभात संपवा, "अजू." मोठी माणसं जेवायला बसली की हा प्रत्येकाच्या ताटाजवळ जाऊन उभा, टोलनाक्यावरच्या माणसासारखा. काहीतरी दिल्याशिवाय कुणाला पुढं जाऊ द्यायचा नाही.

"खातंय तर खाऊ दे की," ठकूबाई म्हणायची. "लोकांची पोरं हिंडून हिंडून भरवावी लागत्यात. आपलं लेकरू गुणाचं हाय."

गुणाचं होतं खरं. पण शेजारची त्याच्याच वयाची समृद्धी कोंबड्यांमागं पळायची, तेव्हा हा ओट्यावर बसून तिला हाका मारायचा. ओट्याच्या तीन पायऱ्या चढला की डोंगर चढल्यासारखी धाप लागायची. दुपारी झोपला की घोरायचा. मांड्या घासून लाल झालेल्या. प्राचीनं हे महिनाभर बघितलं आणि एक दिवस 'पोराची सर्दी दाखवून आणते' म्हणून मंचरला बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

"दिवसभरात काय काय खातो?" बाईंनी विचारलं.

"सकाळी ग्लासभर दूध, मग चहा-बिस्किट, मग दुधात कुस्करलेली भाकर, मग एक केळं, कधी दोन. मग सासूबाई तुपातला शिरा करतात..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी दिवसाचं विचारलं."

"हे नऊ वाजेपर्यंतचं झालं," प्राची म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. मग रडू आलं.

बाई रागावल्या नाहीत. पोराचं वजन केलं: साडेसोळा. भिंतीला उभं करून उंची मोजली, तक्त्यात बोट फिरवलं. म्हणाल्या, "या उंचीला हे वजन लई जास्त आहे. पण घाबरायचं नाही आणि उपाशी तर बिलकूल ठेवायचं नाही. वजन उतरवायचं नाही, आहे तिथं धरायचं. उंची वाढत जाईल, पोर मापात येईल. दूध दिवसाला दोन कप, बास. चहा, बिस्किट, पाकिटातलं सगळं बंद. खायच्या वेळा ठरवा, मध्ये काही नाही. मोबाइल दाखवून भरवू नका. आणि 'अजून' म्हणाला की लगेच वाढू नका, जरा गप्पा मारा. पोट भरल्याचं पोराला उशिरा समजतं. तीन महिन्यांनी आणा."

प्राचीनं मनात तारीख मोजली. तीन महिन्यांनी, त्याच आठवड्यात, साहेब पुन्हा काटा घेऊन येणार होते.

घरी आल्यावर व्हायचं ते झालं.

"कोण ती डागतरीण?" ठकूबाईनं विचारलं. "तिला सोताला पोरं हायेत का?"

"दोन आहेत, आत्या."

"मग वाळली असतील बिचारी." ठकूबाईनं शौर्यला उचलून मांडीवर घेतलं. उचलताना तिच्या कमरेतून कळ गेली, पण ते तिनं दाखवलं नाही. "समोरच्या भागूचा नातू सोळाला टेकलाय म्हणं. केळ्याचे घडच्या घड आणतीय त्या सार्थकसाठी. आन् तू आमच्या पोराचं दूध तोडायला निघालीस? यंदा हार गेला ना, तर भागू मला पाणवठ्यावर उभं राहू देणार न्हाई."

"पाणवठा बंद होऊन दहा वर्षं झाली, आत्या. नळ आलेत."

"नळावर तरी!"

प्राची भांडली नाही. तिनं आपल्या हातातलं तेवढं सुरू केलं. दूध मोजून, चहा बंद, ताट लहान, वेळा ठरलेल्या. दोन आठवडे पोर रडलं, आजी फुगली, आणि अंगणवाडीच्या आरतीताईनं महिन्याचं वजन घेतलं तर काट्यावर सतरा. काटा बिघडलाय म्हणून प्राची स्वतः चढली. काटा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध-भाकर खाऊन शौर्य डुलत डुलत दाराबाहेर पडला, तेव्हा प्राची झाडू घेऊन त्याच्या मागं निघाली. झाडत झाडत, दहा पावलं अंतर ठेवून.

पहिला मुक्काम भरतभाऊंचं घर. उंबऱ्याशी उभा राहिला, म्हणाला, "भाकय." भरतभाऊंच्या बायकोनं चपातीवर साखर पसरली, गुंडाळी करून हातात दिली. दुसरा मुक्काम भिकाआण्णा. तिथं उकडलेलं अंडं. तिसऱ्या घरी वाटीभर खीर. चौथं घर भागूबाईचं! ज्या भागूबाईच्या नातवाला हरवायचं म्हणून घरात एवढं रामायण, तिनं याला मांडीवर बसवून चहात बुडवलेली बेकरीची दोन बटरं चारली. "खा रं माज्या वाघा," वर हेही. पाचव्या घरी केळं. कुणी हाकलायचा प्रश्नच नव्हता. दारात आलेलं पोर रिकाम्या हातानं माघारी पाठवायचं नाही, ही मळ्याची रीत. आणि वर प्राचीनं दूध तोडल्याची बातमी ठकूबाईनं नळावर पोचवलीच होती. म्हणजे सगळा मळा असंच समजून होता, की सून पोराला उपाशी मारते आणि आपण त्याला जगवतो.

सहावा मुक्काम घरचाच होता. गोठा.

गोठ्यात गेणूतात्याचा पाखऱ्या. घाटात पळणारा बैल. जत्रा आली की चढाच्या त्या लांब धावपट्टीवर, घाटात, चार-चार बैल जुंपून गाडे पळतात, सेकंदावर नंबर लागतो, ही गोष्ट आंबेगाव-जुन्नरात कुणाला सांगावी लागत नाही. कुणी परगावचं वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगितलं. एका गाड्याच्या पळतीला बारी म्हणायचं. तर पाखऱ्याचा खुराक म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यापेक्षा कडक. उडदाचं पीठ मापट्यानं, दूध लिटरवर, अंडी मोजून, वेळ घड्याळावर. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं फेरी, संध्याकाळी फेरी. तात्यानं पाखऱ्याचं माप केलं, मापट्याच्या काठावरून बोट फिरवून वरचं पीठ डब्यात परत टाकलं, आणि त्याच हातानं शेजारच्या डब्यातला गूळ-खोबऱ्याचा मुठीएवढा खडा काढून नातवाच्या तोंडात घातला.

बैलाला मापटं, नातवाला मूठ!

प्राची झाडू टेकवून आत आली. पिठाचा डबा उघडून मापटं भरलं. "मामा, पाखऱ्याला अजून एक टाकते."

"ए! ए!" तात्या उभाच राहिला. "येडी झालीस का? बारी आठ दिसांवर आलीय."

"भुकेला दिसतोय. बघा ना, कशी मान हलवतोय."

"बैल मागतो म्हनून द्यायचं नस्तं, पोरी. बैल मागतच असतो. त्याला काय कळतंय? मापानं ठिवला तर वाऱ्यासारखा जाईल, न्हाईतर निम्म्या घाटात फेस गाळत बसंल."

"आणि शेजारच्या कुणी येऊन प्रेमानं टाकलं तर?"

"हात मोडीन!" तात्याचा आवाज मळ्याच्या टोकापर्यंत गेला. "दुसऱ्याच्या गाड्याच्या बैलापुढं काडी टाकायची न्हाई. बापजाद्यापास्नं चालत आलंय. सोयरा असो न्हाईतर भाऊ असो. सगळ्यास्नी ठावं हाय."

"मग मामा," प्राचीनं मापटं जागेवर ठेवलं, "आज सकाळपासून याच्यापुढं पाच घरांनी काडी टाकली. सहावे तुम्ही."

गेणूतात्या 'कुणाच्या पुढं' म्हणून विचारणार, तेवढ्यात त्याची नजर नातवाकडं गेली. गालांनी डोळे बारीक झालेले, हाताला मनगट दिसत नाही, गूळ चघळत, बसल्या जागी धापा टाकत. चाळीस वर्षं जनावराचं अंग बघून सांगणारा माणूस. बैलाच्या पाठीवर हात फिरवून तात्या सांगायचा, की हा पळेल, हा बसेल. घरातलं पोर मात्र त्यानं आजवर हारासकट बघितलं होतं.

"आयला," तो हळूच म्हणाला. "ह्यो तर बसणार."

त्याच संध्याकाळी गेणूतात्या मारुतीच्या पारावर गेला. नातवाला पुढं उभं केलं आणि जत्रेत गाडा जाहीर करतात तशा आवाजात बोलला, "ऐका हो! आजपास्नं ह्यो माझा घाटाचा बैल. याचा खुराक माझी सून ठरवणार. याच्यापुढं कुणी काडी टाकली, तर माझ्या दावणीत हात घातला असं मी धरीन."

सगळे हसले. भिकाआण्णा म्हणाला, "तात्या, अंडं बी काडीतच धरायचं का?" पुन्हा हसले. पण ज्या गोष्टीसाठी प्राची महिनाभर लोकांना तोंड वेंगाडून समजावत बसली असती, ती तिथं एका वाक्यात सगळ्यांच्या डोक्यात उतरली. भागूबाईनं तर कपाळावर हात मारला. "मग पयल्यांदाच सांगायचं व्हतं की वो! मला वाटलं सून जेवाय घालत न्हाई. आमी काय वैरी हाय?"

दुसऱ्या दिवशी शौर्य नेहमीच्या फेरीला निघाला. पहिल्या दारात "भाकय" म्हणाला. भरतभाऊंच्या बायकोनं त्याला उचललं, पापा घेतला, "तुझ्या आज्याला विचार बाबा," म्हणाली आणि माघारी सोडलं. पाचही घरांत तेच. पोरगं भर अंगणात बसून असं रडलं, की पाखऱ्यासुद्धा दावं ताणून बघायला लागला.

ते दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी बिस्किटासाठी त्यानं अर्धा तास भोकाड पसरलं, तेव्हा प्राचीचाच हात डब्याकडं गेला होता. मग तिनं एक युक्ती धरली. तो रडला की विचारायची, "पिठलं-भाकर देऊ?" मान डोलावली तर भूक खरी, वेळ झालेली नसली तरी चतकोर द्यायची. बिस्किटाच्या डब्याकडंच बोट दाखवलं तर ती भूक नव्हे. मग काकडी, नाहीतर कडेवर घेऊन विहिरीवरची मोटर दाखवायची. आठवड्यात तो तिसरा शब्द शिकला, "काकई."

ठकूबाई मात्र चार दिवस भूमिगत राहून लढली. पाचव्या दिवशी तिच्या पदराला गाठ दिसली, गाठीत रव्याचा लाडू. तात्यानं भर अंगणात पंचनामा केला. "बघा रं! गाड्याच्या मालकिनीनंच बैल फोडला!" म्हातारी आधी चिडली, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि लाडू तिनं स्वतःच खाऊन टाकला.

सकाळी पाखऱ्याची फेरी आणि शौर्यची फेरी एकत्र निघायला लागली. पुढं बैल, मागं तात्या, त्याच्या मागं हा. पहिले दिवस विजेच्या दुसऱ्या खांबापाशी बसायचा. तात्या त्याला उचलायचा नाही, तोही शेजारी बसायचा, तंबाखू मळायचा, मग "भिर्रर्र!" करून ओरडायचा. नातू उठून चार पावलं पळायचा. तिसरा खांब झाला, पाचवा झाला. दुसऱ्या महिन्यात कालव्याच्या पुलापर्यंत गेला आणि येताना समृद्धीच्या कोंबड्यांमागं लागला.

आणि एका दुपारी जेवताना, ताटात भाकरीचा तुकडा शिल्लक असताना, शौर्य "नको" म्हणाला आणि उठून गेला.

प्राची त्या तुकड्याकडं बघत राहिली. ठकूबाई घाबरून धावत आली, "पोरानं टाकलं! दिष्ट लागली! मीठ-मोहऱ्या आण!"

"आत्या, काही लागलं नाही. पोट भरलं त्याचं."

"भरलं?" ठकूबाईनं असं विचारलं, जसं काही विहीर भरल्याचं कुणी सांगितलं.

तीन महिन्यांनी, सोमवारी मंचरला डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर शौर्य साडेसोळावर शंभर ग्रॅम भरला. मधले सतरा उतरले होते. भुकेनं नव्हे, बटरं बंद झाल्यानं. उंची अडीच सेंटीमीटर वाढली होती. बाईंनी कागदावर लिहिलं: 'उत्तम प्रगती. वजन असंच स्थिर ठेवावं.' खाली सही केली आणि प्राचीला म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणीतरी फार कडक दिसतंय." प्राची म्हणाली, "आमचे मामा. बैल सांभाळतात."

गुरुवारी साहेब आले.

समाजमंदिरात तीच सतरंजी, तोच काटा. प्राची जाणार नव्हती, पण सगळ्या पोरांची नोंद व्हायलाच पाहिजे म्हणून आरतीताई बोलवायला आली. सार्थक काट्यावर बसला, अठराला शंभर ग्रॅम कमी. टाळ्या पडल्या. त्याच्या हातात अजून सोललेलं केळं होतं. भागूबाई म्हणाली, ते वजनात धरू नका, नंतर भांडणं नकोत. पिंपळमळ्यात प्रामाणिकपणा आहे. हार सार्थकच्या गळ्यात पडला.

मग नुसत्या नोंदीसाठी शौर्यला ठेवलं. तो काट्यावर उभा राहीना. एक पाय आत, एक बाहेर, समृद्धी कुठं पळाली ते बघायचं होतं त्याला. कसाबसा आकडा आला. साहेबांनी मोबाइलमध्ये अंगणवाडीचे मागचे आकडे बघितले. लाल खूण आली. त्यांनी माइक ओढला.

"बघा, हा मागच्या वर्षीचा पहिला नंबर! तीन महिन्यांत फक्त शंभर ग्रॅम. वजनवाढ थांबलेली. कारण काय? आईचं दुर्लक्ष. आया मोबाइलमध्ये आणि पोरं उपाशी." आणि तेच त्यांनी प्राचीनं आणलेल्या पोराच्या वजनाच्या कार्डावर लाल पेनानं लिहिलं: 'आईची हयगय.'

तीन महिन्यांची रडारड, काकड्या, खांब, लाडू, सगळं त्या दोन शब्दांखाली गेलं. प्राची उठायच्या आत बायकांच्या रांगेतून ठकूबाई उठली.

"ओ सायेब! माझ्या सुनंला बोलायचं काम न्हाई!" मागच्या वर्षी याच म्हातारीनं हाराचा फोटो फ्रेम करून घेतला होता. "उपाशी म्हणं! उपाशी पोर असं पळतं व्हय? धरा बरं त्याला. धरून दाखवा!"

शौर्य आणि समृद्धी साहेबांच्या टेबलाला तिसरी चक्कर मारत होते. शिपाई मागं लागला होता आणि मागंच राहिला होता. गेणूतात्या दारातून ओरडला, "भिर्रर्र!" आणि समाजमंदिर हसण्यानं हाललं.

साहेब हसले नाहीत. "आजी, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नाही बोलत," प्राची पुढं झाली. तिनं डॉक्टरीणबाईंचा कागद आणि लाल पेनाचं कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. "माणसं बोलतात. हे दोन्ही वाचा. सोमवारचं आणि आजचं. पोर एक, वजन एक. इथं लिहिलंय 'उत्तम प्रगती', इथं लिहिलंय 'आईची हयगय'."

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मग घड्याळ बघितलं. "त्याचं काय आहे ताई, आम्हाला वरून जो फॉर्म आलाय त्यात वजन वाढलं की नाही एवढंच आहे. पुढच्या बैठकीत मांडू विषय."

"बैठक तुमची कवाबी बसंल!" हा आवाज भागूबाईचा होता. ती सार्थकला कडेवर घेऊन पुढं आली; चालताना तिलाही धाप लागली होती, सार्थकलाही. तिनं एकदा प्राचीच्या कागदाकडं बघितलं, एकदा पळणाऱ्या शौर्यकडं आणि एकदा नातवाच्या गळ्यातल्या हाराकडं. "सायेब, ह्यो हार तुमी आत्ता घातला. माझं पोर पयलं आलं का बिघडलं?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"टोपण काढा, साहेब," प्राची म्हणाली. "त्यांचं आधी सांगा. मग माझं सांगा, मी कुणाचं ऐकू. आणि तोंडी नको, या कार्डावरच लिहून द्या, त्याच लाल पेनानं, खाली तुमची सही करून. आम्ही बसलोय. बोला."